उभे करणारे हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाची रीत अशी की वर्धापनदिनी मंडळातल्याच एका बाईने उठून एखाद्या कर्तबगार स्त्रीची ओळख करून द्यायची. यंदा ही पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. स्वयंपाकघरात बोलावे तसेच मी बोलणार, ते आपण गोड मानून घ्यावे.

या आधी या ठिकाणी जिजाऊंवर बोलणे झाले, सावित्रीबाईंवर झाले, अहिल्याबाईंवर झाले. त्या थोर स्त्रियांची नावे आपल्या घराघरात आहेत. मी मात्र जे नाव घेणार आहे, ते तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकले नसेल. ते नाव फातिमाबाई इस्माईल. त्या मुंबईच्या. त्यांचा जन्म १९०३ सालचा आणि निधन १९८७ सालचे. लुळ्यापांगळ्या झालेल्या लेकरांना पुन्हा उभे करण्यासाठी त्यांनी आपले अर्धे आयुष्य वेचले. ज्या विद्येला आज आपण फिजिओथेरपी म्हणतो, शासनाच्या मराठीत जिला भौतिकोपचार म्हणतात, ती विद्या आपल्या देशात रांगत होती तेव्हा तिचे बोट धरणाऱ्या माणसांत या बाई होत्या.

त्या डॉक्टर नव्हत्या, हे आधीच सांगते. त्यांच्या घरात ते संकट आले, म्हणून त्या या कामाकडे वळल्या. आपल्यासारख्या बायांनी त्यांची गोष्ट ऐकावी असे मला वाटले, ते याचसाठी.

फातिमाबाई सोबानी घराण्यातल्या. त्यांचे भाऊ उमर सोबानी हे मुंबईचे गिरणीमालक, गांधीजींच्या चळवळीतले. १९२१ साली परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली, ती या सोबानींच्या गिरणीच्या आवारात. म्हणजे घर खात्यापित्याचे आणि देशकार्याचे. पण रोग काही घर पाहून येत नाही. फातिमाबाईंची मुलगी तीनेक वर्षांची असेल नसेल, तिला पोलिओ झाला.

पोलिओ म्हणजे काय, हे आजच्या तरुण सुनांना ठाऊक नसेल. आपल्या सासवांना मात्र चांगले ठाऊक आहे. रात्री लेकराला ताप यायचा, आणि दोनचार दिवसांनी त्याचा पाय गळून जायचा. काल अंगणात धावणारे पोर आज उभे राहत नसे. हा रोग विषाणूचा. घाण पाणी, घाण हात यांच्यावाटे तो तोंडात जातो आणि आतड्यात वाढतो. बहुतेक लेकरांना काहीच होत नाही. पण साधारण दोनशे लेकरांत एखाद्याच्या पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलण्याचा हुकूम देतात, त्यांवर तो घाला घालतो. आपल्याला समजेल असे सांगायचे तर विहिरीवरची मोटार शाबूत आहे, पण तिला वीज नेणारी तार तुटली. मोटार चांगली असून पाणी चढत नाही. पायाचे तसेच होते.

त्या काळी या रोगावर लस नव्हती. झालेल्या रोगावर औषधही नव्हते. ते आजही नाही. मग वाकडा होऊ नये म्हणून दुबळा पाय फळीला किंवा प्लॅस्टरमध्ये महिनोन् महिने बांधून ठेवायचा, अशी अनेक ठिकाणी पद्धत होती. आणि पुष्कळ घरांत तर तेही नव्हते. दैवाचा फेरा म्हणून लेकरू माजघरात एका कोपऱ्यात बसवले जायचे, ते जन्मभर तिथेच.

फातिमाबाईंनी मुलीला कोपऱ्यात बसवले नाही. चौकशी करत करत त्या मद्रासला डॉक्टर किणी यांच्याकडे पोचल्या. हाडांचे नावाजलेले डॉक्टर. तिथे मुलीला घेऊन त्या कित्येक महिने राहिल्या. पुढे त्या पुण्याला आल्या. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर तिथे उपचार होत असत. ज्या शिपायाचा हात गोळीने निकामी झाला, ज्याच्या पायातले बळ गेले, त्याच्याकडून रोज ठरावीक हालचाली करून घ्यायच्या, शेक द्यायचा, वजन उचलायला लावायचे, आणि त्याला पुन्हा कामाजोगे करायचे, ही ती पद्धत. शिपायांसाठी असलेली ही विद्या फातिमाबाईंनी आपल्या चिमुकलीसाठी पदरात पाडून घेतली. मुलीत सुधारणा होऊ लागली.

आता इथे थोडे थांबून मला ही विद्या काय आहे ते सांगू द्या. कारण पुष्कळ जणींना वाटते, फिजिओथेरपी म्हणजे तेल लावून चोळणे. चोळण्याने बरे वाटते, पण ही विद्या त्याहून निराळी आहे.

हातपाय दुबळा झाला की तीन गोष्टी होतात. पहिली, स्नायू न वापरल्याने वाळत जातो. दुसरी, सांधा न हलल्याने आखडतो. दाराची बिजागरी वापराविना गंजते तसा. तिसरी, एका बाजूचा स्नायू मेला आणि दुसऱ्या बाजूचा जिवंत राहिला की जिवंत स्नायू हाड आपल्याकडे ओढतो, आणि वाढत्या वयाच्या लेकराचा पाय वाकडा होतो. रोगाने जेवढे बिघडते त्याच्यावर ही पुढची बिघाडी चढते. आणि बहिणींनो, ही पुढची बिघाडी पुष्कळशी टाळता येते.

ती कशी? तर लेकराला स्वतः हलवता येत नसेल तेव्हा दुसऱ्याने आपल्या हाताने त्याचा प्रत्येक सांधा रोज सावकाश पूर्ण फिरवायचा. मग कोणता स्नायू थोडासा तरी जिवंत आहे ते शोधायचे. एखाद्या स्नायूत एवढेच बळ असते की पाय उचलता येत नाही, पण कुशीवर झोपवले किंवा पाण्यात धरले तर तो जरासा सरकतो. तेवढेच धरून सुरुवात करायची. आज बोटभर, महिन्याने वीतभर. पुढे छोटे वजन. पुढे दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये उभे करणे. पुढे पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, त्याला कॅलिपर म्हणतात; मग कुबडी; मग काठी. तुटलेल्या सगळ्या तारा जोडता येत नाहीत, पण ज्या दोनचार तारा शिल्लक असतात त्यांच्याकडून जास्तीचे काम करून घेता येते. हे सगळे शास्त्र आहे. कोणती हालचाल किती वेळा करायची आणि कोणती मुळीच करायची नाही, हे शिकलेल्या माणसाकडूनच समजून घ्यावे लागते. पण एकदा समजले की ते करायचे असते घरी, आणि रोज.

दूर ऑस्ट्रेलियात अशीच एक बाई होऊन गेली. तिचे नाव एलिझाबेथ केनी. जग तिला सिस्टर केनी म्हणते. तिच्याकडे परिचारिकेची रीतसर पदवी नव्हती. रानावनातल्या वस्त्यांवर ती आजाऱ्यांची सेवा करी. पोलिओची लेकरे बांधून ठेवायची नाहीत, लोकरीच्या कपड्याचे गरम ओले शेक द्यायचे आणि स्नायूंना पुन्हा हलायला शिकवायचे, असे ती म्हणे. मोठमोठ्या डॉक्टरांनी तिला विरोध केला. १९४० साली ती अमेरिकेला गेली, तिथे तिचे काम डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १९४२ साली मिनिआपोलिस शहरात तिच्या नावाची संस्था उभी राहिली. म्हणजे या विद्येच्या पायात बायांचे हात आहेत. इंग्लंडातसुद्धा १८९४ साली या धंद्याची पहिली संघटना बांधली ती चार परिचारिकांनी.

आता पुन्हा फातिमाबाईंकडे वळते. आपली मुलगी सुधारते आहे हे पाहून पुष्कळ बाया देवाचे आभार मानतील आणि घरच्या कामाला लागतील. त्यात काही वावगे नाही. पण फातिमाबाईंच्या मनात आले, माझ्याजवळ पैसा होता, ओळखी होत्या, म्हणून मी मद्रासला गेले, पुण्याला गेले. ज्या आईजवळ यातले काही नाही, तिच्या लेकराचे काय? हा एक प्रश्न त्यांनी सोडला नाही.

त्या वेळी मुंबईत डॉक्टर बाळिगा नावाचे नामांकित शल्यविशारद होते. त्यांच्या चौपाटीच्या जागेत १९४७ साली फातिमाबाईंनी पोलिओ झालेल्या लेकरांसाठी दवाखाना सुरू केला. साल लक्षात घ्या. देश स्वतंत्र होत होता, फाळणीची धामधूम होती, आणि एक बाई उसन्या जागेत पांगळ्या लेकरांचे पाय हलवायला बसली होती. त्याच वर्षी तिथून संस्था उभी राहिली, सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन. नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. अर्थ एवढाच, की अपंग बालकांना पुन्हा आपल्या पायांवर उभे करणारी मंडळी. लेकरे वाढत गेली, जागा पुरेना. पुढे हाजी अलीला समुद्राजवळ मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रिया, व्यायाम, कॅलिपर हे सगळे लेकरांना तिथे मिळू लागले.

या कामाची खरी अडचण पैशाची होतीच; पण त्याहून मोठी अडचण शिकलेल्या माणसांची होती. शस्त्रक्रिया एक डॉक्टर तासाभरात करतो. पण त्यानंतर महिनोन् महिने रोज त्या पायाकडून काम करून घेणारे हात कोठून आणायचे? देशात ही विद्या शिकवणारी शाळाच नव्हती. १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराची पहिली शाळा निघाली. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अलीलाच अपंगांच्या पुनर्वसनाची सरकारी संस्था सुरू झाली, ती आजही आहे. आज गावोगावच्या मुली फिजिओथेरपीची पदवी घेताना दिसतात. त्यांच्यासाठी वाट पाडणारी जी थोडी माणसे होती, त्यांत फातिमाबाईंची गणना करावी लागेल.

१९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत होत्या. पण मला विचाराल तर त्यांचा मोठा सन्मान निराळाच आहे. ज्या लेकराला घरच्यांनी कोपऱ्यात बसवले होते, ते दांडीला धरून उभे राहिले आणि त्याच्या आईने ते पाहिले, तो.

भगिनींनो, कोणी म्हणेल, बाई, ही मुंबईची जुनी गोष्ट. पोलिओ तर गेला. खरे आहे. १९९५ साली आपल्याकडे पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला लाखोंनी माणूस लोटतो. अशा गर्दीतही निळी पेटी खांद्याला लावून दोन थेंब पाजणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. ऊसतोडीला जाणारी तांड्यावरची कुटुंबे, वीटभट्टीवरची कुटुंबे, कोणालाही त्यांनी सोडले नाही. देशातला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून थेंब पाजणे आपण थांबवायचे नाही. पण फातिमाबाई ज्या रोगाशी झुंजल्या, तो आपल्या अंगणातून गेला, हे आपल्या डोळ्यांदेखत घडले.

पोलिओ गेला, तरी आधार लागणारे हातपाय काही सरले नाहीत.

माझ्या घरचेच सांगते. माझ्या सासूबाईंना चार वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा जो येईल तो सांगे, आता यांना पडू द्या, त्रास देऊ नका. सासूबाई स्वतः म्हणत, "माह्या हातात जीव नाही आता, राहू दे वं." एका शिकाऊ पोरीने आम्हाला घरी करायचे व्यायाम दाखवले होते. वय असेल तिचे बावीस-तेवीस. ती म्हणाली, काकू, गोळी आजीला पुन्हा आजार होऊ नये म्हणून आहे. हात मात्र तुम्हालाच जागा करावा लागेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खांदा ओढायचा नाही, त्याला आधार द्यायचा. बोटे एकेक करून सरळ करायची. थोडे बळ आले की पोळपाटावर लाटणे दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकलायचे. मग वाटीतले तुरीचे दाणे एकेक उचलून टोपलीत टाकायचे. पहिल्या महिन्यात एकही दाणा उचलला गेला नाही. तिसऱ्या महिन्यात उचलला गेला. त्या दिवशी सासूबाईंनी तो दाणा टोपलीत टाकला नाही, मुठीत धरून ठेवला. आज त्या काठी घेऊन आपल्या पायांनी न्हाणीघरात जातात. हात पहिल्यासारखा झाला नाही. पण आपले आपण जेवतात. म्हाताऱ्या माणसाला आपल्या हाताने घास घेता येणे ही केवढी इज्जतीची गोष्ट आहे, ते ज्या घरात लकवा आला त्या घरालाच समजते.

हे मी माझी फुशारकी म्हणून सांगत नाही. त्या वेळी माझी जाऊ वावरात माझ्या वाटचे निंदण करायची, म्हणून मला तो तास मिळाला. तो तास मिळाला नसता तर त्या पोरीने शिकवलेले सगळे तिथेच राहिले असते. आणि आज मला जे बोलायचे आहे ते हेच. डॉक्टर एकदा करतात, तो उपाय मोठा खरा. पण अवयव जागा होतो तो रोजच्या तासाने. आणि तो रोजचा तास आपल्या घरांत कोणाच्या वाट्याला येतो? आईच्या, सुनेच्या, मोठ्या मुलीच्या. तिच्या डोक्यावर आधीच पाणी, चूल, जनावरे, कपाशीची वेचणी, सोयाबीनची सोंगणी. तिने तास काढायचा कोठून? मग व्यायाम सुटतो, आणि लोक म्हणतात, उपचाराने गुण आला नाही. उपचार कुठे झाला होता, की त्याने गुण यावा?

लेकरांचेच पाहा. काही लेकरांचा पाय जन्मतःच आत वळलेला असतो. आता त्यावर फार चांगला उपाय आहे. अमेरिकेतल्या पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत. बाळ लहान असतानाच दर आठवड्याला पाय थोडा थोडा सरळ करून प्लॅस्टर घालतात, साधारण पाच ते सात वेळा. पुष्कळदा टाचेची शीर थोडी सैल करावी लागते. नंतर दांडीला जोडलेले दोन बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईतो रात्री झोपताना. प्लॅस्टर डॉक्टर घालतात, पण बूट रोज रात्री आईच घालते. बाळ रडते, घरातली मोठी माणसे म्हणतात, राहू दे, पाय तर सरळ झाला. आणि बूट सुटले की पाय पुन्हा वळू लागतो. इतकी साधी गोष्ट आहे, आणि इतकी अवघड.

काही लेकरांच्या मेंदूला जन्माच्या आधी, जन्मताना किंवा जन्मानंतर इजा होते. बाळ उशिरा रडले, फार कमी दिवसांचे जन्मले, कावीळ फार चढली, अशी कारणे असू शकतात. मग हातपाय ताठ होतात किंवा अगदी लुळे पडतात. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हा मेंदूचा रोग वाढत जात नाही, पण हातापायांची आखडण मात्र लक्ष दिले नाही तर वाढते. म्हणून काही खुणा सगळ्या जणींनी लक्षात ठेवाव्यात. चार महिन्यांचे झाले तरी बाळ मान धरत नाही. नऊ महिन्यांचे झाले तरी बसत नाही. दीड वर्षाचे झाले तरी पाऊल टाकत नाही. उभे धरले की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. वर्षाच्या आतच एकच हात वापरते, दुसरी मूठ आवळलेली. असे काही दिसले तर "आमच्याकडची पोरे उशिराच चालतात" असे म्हणून दिवस घालवू नयेत. अंगणवाडीतल्या बाईंना सांगावे. अंगणवाडीत आणि शाळेत लेकरांना तपासायला डॉक्टरांचे पथक येते, त्या दिवशी ते लेकरू घरी ठेवू नये, मुद्दाम न्यावे. पथकाने पुढे तपासणीला पाठवले तर पहिली खेप चुकवू नये, आणि दुसरी तर मुळीच नाही.

एक बोलणे जरा जपून बोलते. आपले गाव देवीचे, सेवालाल महाराजांचे. दूरदूरच्या आयाबाया इथे लेकरू कडेवर घेऊन नवस करायला येतात. नवसाला माझी ना नाही. आईचे मन ते, ते कुठेतरी टेकायला हवेच. पण नवस बोलावा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरलाही दाखवावे. वळलेल्या पायाला पहिले काही आठवडे मोलाचे असतात. ताठर हाताला पहिले वर्ष मोलाचे असते. गेलेला तो काळ कोणताही डॉक्टर परत देऊ शकत नाही. आणि "मागच्या जन्माचे पाप" हे शब्द आपल्यापैकी कोणाच्या तोंडून निघू नयेत. ज्या आईला ते ऐकावे लागतात, ती लेकरू बाहेर आणायचे सोडून देते. पाय विषाणूने जातो, मेंदूच्या इजेने जातो. पण लेकरू कोपऱ्यात जाते ते आपल्या बोलण्याने.

आणखी एक. मुलगा असला तर वाशिमला, अकोल्याला, नागपूरला नेतो, आणि मुलगी असली की एका खेपेत थांबतो, असे कुठे कुठे पाहण्यात येते. फातिमाबाईंनी हे सारे कार्य उभे केले ते एका मुलीच्या पायावरून, हे आपण विसरू नये.

सरकारने २०१६ साली दिव्यांगांसाठी नवा कायदा केला. पूर्वी सातच प्रकार मानले जात, आता एकवीस मानले जातात. त्यात मेंदूच्या इजेने हातपाय ताठरलेली लेकरे स्पष्ट नावाने आहेत. ज्याचे व्यंग प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त ठरते, त्या सहा ते अठरा वयाच्या लेकराला जवळच्या शाळेत किंवा खास शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. त्यासाठी दिव्यांगाचे ओळखपत्र काढून घ्यावे. कागद काढायला चकरा होतात, हे आपण सगळ्या जाणतो. एकट्या बाईला चार चकरा जड जातात. दोघी मिळून गेल्या तर धीर येतो.

विदर्भाला ही सेवा परकी नाही. अमरावतीला डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभे केले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले त्या कुष्ठरोग्यांच्या हातांना तिथे काम मिळाले. एवढी मोठी कामे आपल्याच्याने होणार नाहीत. आपले मंडळ लहान आहे. भिशी, हळदीकुंकू, पापड-शेवयांचे काम, यात आपले वर्ष जाते. पण फातिमाबाईंनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ तरी काय होते? एक उसनी खोली आणि एक प्रश्न.

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. एक, आपल्या गावात आणि जवळच्या तांड्यांवर किती घरांत असे लेकरू किंवा लकव्याचे माणूस आहे, ते आपण दोघी-दोघींनी जाऊन पाहावे. नावे वहीत लिहून ओट्यावर वाचायची नाहीत. ज्या घरचे त्या घराशीच बोलायचे. दोन, तपासणीच्या दिवशी किंवा कागदाच्या कामाला त्या आईबरोबर मंडळातली एकजण जाईल. तीन, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, त्या आईला रोजचा एक तास आपण द्यावा. व्यायाम तिचा तीच करील, कारण तिला तो शिकवलेला असतो; आपण न शिकता दुसऱ्याच्या लेकराचे हातपाय ओढू नयेत. पण त्या तासात तिचे पाणी भरणे, भाकरी थापणे, धाकट्याला सांभाळणे, हे आपल्यापैकी कोणी ना कोणी करू शकते. सात वार आहेत, सात जणी निघाल्या तर एकीच्या वाट्याला आठवड्यातून एकच तास येतो. याला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही, आणि सातवीच्या पुढचे शिक्षणही लागत नाही.

फातिमाबाईंना हार घालायला आज त्या आपल्यात नाहीत. हार घालायचाच तर जी बाई आज रात्री रडणाऱ्या बाळाच्या पायात बूट चढवील, जी सून सासऱ्याची आखडलेली बोटे एकेक करून उघडील, तिच्या पाठीवर हात ठेवा. सोमवारचा तास मी माझ्या नावावर लिहून ठेवते. उरलेले सहा वार मोकळे आहेत. सभा संपली की अध्यक्षाबाईंजवळ वही आहे, तिथे नावे द्यावीत.